पाच सेकंदांचा टायमर तीन सेकंदांच्या टायमरला हरवतो!

‘टेरारिया’ खेळता, पण वायरिंग म्हटलं की डोक्याला शॉट? मग एक तांब्याचं घड्याळ घ्या, एक वायर घ्या आणि पुढचं वाचा. गेममधला हा छोटासा टायमर तुमच्या लॅबमधल्या जर्नलपेक्षा बरंच काही जास्त शिकवून जातो.

तुमच्या ग्रुपमध्ये ‘टेरारिया’ खेळणारा एक तरी असतोच. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर चालतो, मोबाइलवर चालतो, हॉस्टेलचं वायफाय मेलेलं असलं तरी एकट्याने खेळता येतो. १६ मे २०११ रोजी तो बाजारात आला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली ‘री-लॉजिक’ ही त्याची कंपनी. आजवर त्याच्या ६ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात. खणा, लाकूड तोडा, घर बांधा, रात्री येणाऱ्या राक्षसांना तोंड द्या, एवढं सगळ्यांना माहीत असतं.

वायरिंग मात्र बहुतेकजण टाळतात. त्याला कारणही तसंच आहे. या गेममध्ये वायरिंगशी पहिली ओळख होते ती मरूनच! तुम्ही मजेत गुहेत उतरत असता, पायाखाली एक करड्या रंगाची पट्टी दबते आणि कुठून तरी विषारी बाण येऊन लागतो. नाहीतर डोक्यावर दगडाचा मोठा गोळा पडतो. ती पट्टी म्हणजे प्रेशर प्लेट आणि तिच्यापासून सापळ्यापर्यंत गेलेली वायर तुम्हाला दिसतही नसते.

आता विचार करा, तोच सापळा तुमच्या बाजूने लढायला लागला तर? आणि तोही तुम्ही बटण न दाबता, आपोआप?

आधी मेकॅनिकला सोडवा

त्यासाठी आधी थोडी मेहनत आहे. डन्जनच्या दारात एक म्हातारा उभा असतो. रात्री त्याच्याशी बोललं की ‘स्केलेट्रॉन’ नावाचा बॉस अंगावर येतो. त्याला हरवलं की डन्जन खुलं होतं आणि आत कुठेतरी हातपाय बांधलेली मेकॅनिक सापडते. तिला सोडवलं की ती तुमच्या गावात राहायला येते आणि दुकान थाटते. वायर, पाने, वायरकटर, लिव्हर, स्विच असं सगळं सामान तिच्याकडे मिळतं.

पाने चार रंगांचे. लाल, निळा, हिरवा आणि पिवळा. ज्या रंगाचा पाना, त्या रंगाची वायर पडते. दोन वेगळ्या रंगांच्या वायरी एकाच जागेवरून गेल्या तरी एकमेकींत मिसळत नाहीत. म्हणजे एकाच भिंतीत चार वेगळी सर्किटं आरामात राहतात. पाना हातात असेल तेव्हाच वायरी दिसतात, एरवी भिंत कोरीच. चुकलं तर वायरकटरने कापा, वायर परत मिळते. प्रयोग करायला यापेक्षा स्वस्त लॅब कुठे मिळणार?

घड्याळातून निघालेला टायमर

लिव्हर ओढली की सिग्नल जातो, पण ओढायला तुम्ही हवेत. प्रेशर प्लेटवर कुणी पाय दिला की सिग्नल जातो, पण पाय द्यायला कुणीतरी हवं. टायमरला कुणीच लागत नाही. एकदा राइट-क्लिक करून सुरू केला की ठरलेल्या वेळाने तो सिग्नल पाठवत राहतो, तुम्ही बंद करेपर्यंत.

तो बनवायचा कसा, हे फार गोड आहे. टायमर तयार होतो घड्याळ आणि वायर यांपासून. तांब्याच्या किंवा कथलाच्या घड्याळापासून ५ सेकंदांचा टायमर होतो. चांदीच्या किंवा टंगस्टनच्या घड्याळापासून ३ सेकंदांचा. सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या घड्याळापासून १ सेकंदाचा. आता गंमत बघा. याच गेममध्ये तांब्याचं घड्याळ फक्त तास दाखवतं, चांदीचं अर्ध्या तासापर्यंत सांगतं आणि सोन्याचं मिनिटापर्यंत. घड्याळ जितकं अचूक, तितका टायमर वेगवान. घड्याळं बनवायलाही टेबल-खुर्ची लागते, अगदी आपल्या घड्याळजीसारखी! धातूच्या दहा विटा, एक साखळी, की झालं.

पुढे २०२० मध्ये ‘जर्नीज एंड’ या मोठ्या अपडेटसोबत अर्ध्या आणि पाव सेकंदाचे टायमरही आले.

इथे कुणालाही वाटेल, एवढा वेगवान टायमर असताना तांब्याच्या घड्याळाला विचारतो कोण? थांबा, तिथेच खरी मेख आहे.

वायरमधून वाहतं काय?

त्याआधी एक गोष्ट पक्की करू. आपल्या घरच्या वायरमध्ये स्विच चालू असेपर्यंत वीज वाहत राहते. ‘टेरारिया’च्या वायरमध्ये तसं काही वाहत नाही. तिथे जातो तो फक्त एक झटका. तो झटका ज्या वस्तूपर्यंत पोहोचतो, ती वस्तू आपली अवस्था बदलते. दिवा चालू असेल तर बंद होतो, बंद असेल तर चालू. अ‍ॅक्च्युएटर लावलेली वीट भरीव असेल तर पोकळ होते आणि तुम्ही तिच्यातून आरपार जाता. पुढच्या झटक्याला ती पुन्हा भरीव.

म्हणून १ सेकंदाच्या टायमरला दिवा जोडला तर तो दर सेकंदाला ‘लागत’ नाही. एक सेकंद चालू राहतो, एक सेकंद बंद. पूर्ण चक्र दोन सेकंदांचं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, ओळखलं ना? हा तुमचा टी फ्लिप-फ्लॉप! येणाऱ्या झटक्यांची संख्या निम्मी करणारा. फळ्यावर जी टायमिंग डायग्राम काढताना जांभया येतात, ती इथे भिंतीवर लुकलुकत असते.

आता ती मेख

गेम सेकंदाला ६० टिकांच्या गतीने चालतो. टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा सगळ्यात छोटा ठोका. गुहेतला तो साधा बाणांचा सापळा एकदा बाण सोडला की २०० टिका विश्रांती घेतो. म्हणजे साधारण ३.३३ सेकंद. या काळात त्याला कितीही झटके द्या, ढिम्म हलत नाही. वाया गेलेले झटके तो लक्षातही ठेवत नाही. रांग वगैरे काही नाही, गेले ते गेले.

आता कागद-पेन घ्या.

१ सेकंदाचा टायमर दर ६० टिकांना झटका देतो. पहिल्या बाणानंतर ६०, १२० आणि १८० व्या टिकेचे झटके वाया जातात. २४० व्या टिकेला बाण सुटतो. म्हणजे दर ४ सेकंदांना एक बाण, मिनिटाला १५.

३ सेकंदांचा टायमर १८० व्या टिकेला झटका देतो. सापळा जागा व्हायला फक्त २० टिका उरलेल्या असतात, पण झटका वाया. पुढचा थेट ३६० व्या टिकेला. म्हणजे दर ६ सेकंदांना एक बाण, मिनिटाला १०.

५ सेकंदांचा टायमर ३०० व्या टिकेला झटका देतो, सापळा केव्हाचा तयार. दर ५ सेकंदांना एक बाण, मिनिटाला १२.

बघितलंत? चांदीचं घड्याळ मोडून बनवलेला ३ सेकंदांचा टायमर तांब्याच्या ५ सेकंदांच्या टायमरकडून हरला. महागाचा वेगवान टायमर लावून बाण कमी सुटले!

मग पाव सेकंदाचा लावला तर? तो दर १५ टिकांना ठोकतो. १९५ व्या टिकेचा झटका थोडक्यात हुकतो, २१० ला बाण सुटतो. अर्ध्या सेकंदाचा दर ३० टिकांना ठोकतो, त्याचाही बाण २१० लाच सुटतो. दोघांचाही हिशेब ३.५ सेकंदांचा. म्हणजे अर्ध्यावरून पावावर उडी मारून मिळालं काय? शून्य.

सबमिशनच्या आदल्या दिवशी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे राहिलात की हेच दिसतं. चाळीसजण ‘दादा, माझं आधी’ म्हणून ओरडत असतात. ओरडण्याचा वेग वाढला म्हणून मशीनमधून पानं भराभर निघतात का? मशीनचा वेग तेवढाच. अडलंय कुठे, ते आधी शोधायला लागतं.

वेग हवा, तर हात वाढवा

समजा तुम्हाला दर सेकंदाला एक बाण हवाच आहे. एका सापळ्याकडून ते कुठल्याही टायमरने होणार नाही. पण तांब्याच्या टायमरने होतं, फक्त थोडं डोकं लावावं लागतं.

पाच सापळे एकाखाली एक लावा. प्रत्येकाला स्वतःचा ५ सेकंदांचा टायमर द्या आणि वायरी एकमेकींना चिकटू देऊ नका. आता पहिला टायमर सुरू करा, एक सेकंद थांबा, दुसरा सुरू करा, पुन्हा एक सेकंद, तिसरा... पाचवा सुरू होतो तोवर पहिल्याची पाळी पुन्हा आलेली असते. प्रत्येक सापळा आरामात विश्रांती घेतोय आणि तरी समोरून दर सेकंदाला एक बाण चाललाय. सगळा खर्च तांब्याच्या पाच घड्याळांचा.

आता हेच पाच टायमर एका लिव्हरला जोडून एकदम सुरू केले तर? मग पाचही बाण एकाच वेळी सुटतील आणि पुढचे पाच सेकंद सामसूम. सामान तेच, वायरी जवळपास त्याच, फरक फक्त कोण कधी सुरू झालं याचा. कॉम्प्युटरवाले ‘पायपलाइनिंग’ म्हणून जे पाठ करतात, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. काम एकाला लागणाऱ्या वेळेत कमी होत नाही, पण एकामागोमाग एक लावून दिलं की दर ठोक्याला काहीतरी पूर्ण होत राहतं.

बॉसशी लढण्याच्या मैदानातही टायमर असेच कामाला येतात. हार्टचा पुतळा झटका मिळाला की एक हार्ट देतो, ते उचललं की तुमचं आयुष्य वाढतं. पण त्यालाही जवळजवळ दहा सेकंदांची विश्रांती लागते आणि आजूबाजूला तीन हार्ट पडून असतील तर तो चौथं देतच नाही. म्हणजे एकाच पुतळ्याला पाव सेकंदाचा टायमर लावून बडवण्यात अर्थ नाही. पुतळे मैदानभर पसरून लावले तर पळता पळता हार्ट मिळत राहतात.

राक्षसांचे पुतळेही असतात. टायमर लावला की त्यांतून राक्षस निघत राहतात. मग रात्रभर लॅपटॉप चालू ठेवून पैसे छापायचे का? गेम बनवणारे तुमच्यापेक्षा एक पाऊल पुढे आहेत. पुतळ्यातून निघालेल्या राक्षसाला मारून नाणी मिळत नाहीत!

जिन्यातला दिवा

आता एक कोडं. तुम्ही दारावर पाय दिलात की दार उघडलं पाहिजे आणि पाच सेकंदांनी आपोआप बंद झालं पाहिजे. सोपं वाटतं ना? प्रेशर प्लेटची वायर दाराला आणि ५ सेकंदांच्या टायमरला जोडा. पाय दिला, दार उघडलं, टायमरही सुरू झाला, कारण बंद टायमरला झटका मिळाला की तो चालू होतो. पाच सेकंदांनी टायमरने झटका दिला, दार बंद. वा!

पण टायमर थांबत नाही. आणखी पाच सेकंदांनी तो पुन्हा झटका देतो आणि दार उघडतं. मग बंद, मग उघड, रात्रभर. तोवर झोंबी तुमच्या घरात.

याचं कारण टायमरच्या स्वभावात आहे. तो ठोके देत राहणारा आहे, एकदाच वाजून गप्प बसणारा नाही. खऱ्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये यांना दोन वेगळी नावं आहेत, अ‍ॅस्टेबल आणि मोनोस्टेबल. बिल्डिंगच्या जिन्यात बटण दाबलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो, तो मोनोस्टेबल. लुकलुकणारा दिवा हा अ‍ॅस्टेबल. १९७१ मध्ये हान्स कॅमेन्झिंड यांनी ‘सिग्नेटिक्स’ कंपनीसाठी ५५५ टायमरची चिप डिझाइन केली. ती दोन्ही कामं करते. फक्त बाहेरची जोडणी बदलायची. आज पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी डिप्लोमाच्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये हीच चिप असते.

‘टेरारिया’मध्ये मात्र टायमर एकाच स्वभावाचा मिळतो. त्याला वेळेवर गप्प बसवायचं तर त्याच्यापर्यंत दुसरा झटका पोहोचवायला हवा, कारण चालू टायमरला झटका मिळाला की तो बंद होतो. तो झटका कुठून आणायचा, तो शोधताना माणूस हळूच लॉजिक गेटपर्यंत पोहोचतो. २०१६ च्या १.३.१ अपडेटमध्ये हे गेट आले. अँड, ऑर, नँड, नॉर, एक्सॉर, सगळी मंडळी हजर! दुसऱ्या सेमिस्टरला ज्यांचे ट्रुथ टेबल पाठ केले होते, तेच हे.

या वाटेने काहीजण फार लांब गेले. ‘टेरारिया’च्या आत, वायरी आणि गेट वापरून, एका हौशी प्रोग्रॅमरने रिस्क-फाइव्ह पद्धतीचा ३२ बिटांचा कॉम्प्युटर उभा केला. त्यावर ‘पाँग’ हा जुना गेम चालतो. वायरिंगचा वेग पुरेना म्हणून त्यासाठी वेगळा मॉडही लिहावा लागला. गेमच्या आत कॉम्प्युटर, त्या कॉम्प्युटरच्या आत गेम!

कारखान्यात भेटणारा भाऊ

‘पण याचा नोकरीत काय उपयोग?’ हा प्रश्न घरून येणारच. सरळ उत्तर देऊ.

१९६८ च्या सुमाराला अमेरिकेत ‘जनरल मोटर्स’ला एक अडचण होती. कारखान्यातली यंत्रं शेकडो रिले आणि वायरींनी चालायची. मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उपसून पुन्हा करायचं. त्यातून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हे यंत्र बनवलं. हा पहिल्या पीएलसींपैकी एक. आज चाकण असो की वाळूज, कारखान्याच्या पॅनेलमध्ये पीएलसी बसलेला असतो आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये टायमर असतो. बाटली आली, इतके सेकंद थांब, झडप उघड, इतक्या सेकंदांनी बंद कर. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना ‘ऑन-डिले टायमर’ शिकवतात, तो हाच.

लॅबमध्ये एका पीएलसी किटभोवती दहाजण उभे असतील, तर तुमच्या हाताला किट लागतं किती मिनिटं? मागच्या रांगेतला प्रॅक्टिकल बघतो, करत नाही. मग ओरलला एक्स्टर्नल विचारतात, ‘सिग्नल आला आणि यंत्र तयार नसेल तर काय होईल?’ आणि आपण एकमेकांकडे बघतो. ज्याने बाणांचे सापळे मांडलेत, त्याला उत्तर तोंडपाठ नसेल, पण ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आणि आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, तुम्हाला तर हे शिकायला कुठल्या लॅबची परवानगीही लागत नाही.

मात्र एक फरक डोक्यात पक्का ठेवा. गेममध्ये वायर कितीही लांब असली तरी झटका क्षणात पोहोचतो. वायर तापत नाही, शॉर्ट होत नाही. खरा स्विच दाबला की त्याचे पत्रे क्षणभर थरथरतात आणि एका दाबण्याचे अनेक झटके होतात. गेममध्ये ते नाही. आणि घरच्या बोर्डात २३० व्होल्ट असतात, तिथे वायरकटर घेऊन प्रयोग करायला जाऊ नका. तर्क गेममध्ये शिका, हात शिक्षकांच्या देखरेखीखालीच घाला.

टायमर सुरू कोण करणार?

शेवटी या टायमरची एक सवय सांगायलाच हवी. तुम्ही वर्ल्ड बंद करून बाहेर पडलात आणि दुसऱ्या दिवशी परत आलात, तर सगळे टायमर बंद असतात. वायरी जागेवर, सापळे जागेवर, पुतळे जागेवर, पण ठोका थांबलेला. पुन्हा जाऊन एकेकाला क्लिक करावं लागतं. ते पाच सापळे तर पुन्हा एकेका सेकंदाच्या अंतराने सुरू करावे लागतात आणि ते अंतर कुठल्याच वायरमध्ये लिहिलेलं नसतं. ते तुमच्या डोक्यात असतं.

म्हणून कुणाचं तरी तयार यंत्र व्हिडिओत बघून हुबेहूब उतरवलं, तर ते पहिल्या दिवशी चालतं. दुसऱ्या दिवशी बंद पडलेलं ते पुन्हा चालवायला, ते का चालत होतं हे माहीत असावं लागतं. जर्नल उतरवून काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

करून बघा

- १ सेकंदाच्या टायमरला एक दिवा आणि ३ सेकंदांच्या टायमरला दुसरा दिवा जोडा. दोन्ही दिवे एकाच वेळी किती सेकंदांनी पुन्हा त्याच अवस्थेत येतात, ते आधी कागदावर काढा, मग मोजा.

- बाणांच्या एकाच सापळ्याला आळीपाळीने १, ३ आणि ५ सेकंदांचा टायमर लावा आणि मिनिटभर बाण मोजा. आकडा १५, १०, १२ च्या आसपास येतो का?

- पाच सापळ्यांची साखळी मांडा. मग पाचऐवजी चारच सापळे आणि ५ सेकंदांचेच टायमर घेऊन सारख्या अंतराने बाण सोडायचे असतील, तर दोन टायमर सुरू करण्यात किती अंतर ठेवाल?

- उघडून आपोआप बंद होणारं दार बनवा. टायमर वेळेवर गप्प बसला पाहिजे. हे जमलं की ग्रुपमधल्या त्या ‘वायरिंग म्हणजे डोक्याला शॉट’वाल्याला बोलवा आणि त्याच्याकडून तेच दार पुन्हा बांधून घ्या. व्हिडिओ न दाखवता!